खपली नाही म्हणून सोरायसिस नाही, हे कोणी ठरवले?

सोरायसिस या त्वचारोगाची ‘खरी ओळख’ सांगणारा एक संदेश गेले काही दिवस व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. तो रत्नागिरीला राहणाऱ्या माझ्या आत्यापर्यंत पोहोचला आणि तिने डॉक्टरांनी दिलेले मलम लावणे बंद केले. संदेशात म्हटले आहे की, सोरायसिस फक्त कोपर, गुडघे आणि डोक्यावर होतो व त्याला चंदेरी खपल्या असतात. काखेत किंवा जांघेत लाल चट्टा दिसला तर ते गजकर्ण, म्हणजे त्वचेवरची बुरशी, असते. नखे खराब झाली तर ती बुरशी आणि पुटकुळ्या आल्या तर जंतुसंसर्ग. सोरायसिस स्पर्शाने पसरतो. आणि स्टिरॉइडच्या गोळ्या दहा दिवस घेतल्या की तो कायमचा जातो. आत्याचा सोरायसिस नेमका काखेत आणि स्तनांखाली आहे. वर्षभर गजकर्णाची मलमे लावून झाल्यावर तिला त्याचे खरे निदान मिळाले होते.

चंदेरी खपली ही सोरायसिसची नेहमीची खूण आहे, हे मान्य करावे लागेल, कारण बहुसंख्य रुग्णांमध्ये तो तसाच दिसतो. कोकणातल्या दमट हवेत जांघेतला चट्टा बहुतेक वेळा गजकर्णाचाच असतो, हेही खरे. परंतु ‘बहुतेक वेळा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे. त्वचेच्या घड्यांमध्ये घाम आणि घर्षण यांमुळे खपली साचतच नाही, म्हणून तिथला सोरायसिस गुळगुळीत, चकचकीत आणि स्पष्ट कडांचा दिसतो. गजकर्णाची कड सहसा उंचावलेली व खवलेदार असते आणि मधला भाग निवळत जातो. शंका असेल तेथे त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुरशी आहे की नाही ते कळते. ‘लाल चट्टा’ हे वर्णनही गोऱ्या त्वचेवरून घेतलेले आहे. आपल्या सावळ्या त्वचेवर तोच चट्टा जांभळट किंवा गडद तपकिरी दिसतो, आणि लाली शोधत बसणाऱ्याला तो ओळखूच येत नाही. त्यात औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आणून लावली की दोन्ही आजारांचे रूप बदलते आणि तज्ज्ञालाही निदान अवघड होते. अशी अनेक स्टिरॉइड मलमे २०१८ साली केंद्र सरकारने चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातली, तरी ती आजही सहज मिळतात.

संदेशातला सर्वांत घातक भाग मात्र गोळ्यांचा आहे, आणि आत्याने मला विचारलेही तेच: “त्या गोळ्या आणू का रे?” स्टिरॉइडच्या गोळ्यांनी चट्टे सुरुवातीला झपाट्याने कमी होतात, म्हणूनच हा सल्ला खरा वाटतो. पण गोळ्या थांबवल्यावर आजार अनेकदा आधीपेक्षा जोराने उलटतो, आणि काही रुग्णांमध्ये तो वेगळेच रूप घेऊन येतो. ताप भरतो, त्वचा दुखू लागते आणि अंगभर पुवाने भरलेल्या बारीक पुटकुळ्या उठतात. या प्रकाराचे वर्णन ऑस्ट्रियन त्वचारोगतज्ज्ञ लिओ फॉन झुंबुश यांनी १९१० सालीच करून ठेवले आहे. त्या पुवात जंतू नसतात. तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा असतो. म्हणजे गोळ्या सांगणारा संदेश ज्या संकटाकडे नेतो, त्याच संकटाला तो पुढे ‘जंतुसंसर्ग’ म्हणून चुकीचे औषध सुचवतो. असा रुग्ण, किंवा जवळजवळ सगळे अंग लाल होऊन सोलवटू लागलेला रुग्ण, तातडीने रुग्णालयात न्यावा लागतो, कारण शरीरातले पाणी आणि उष्णता टिकवण्याचे त्वचेचे काम कोलमडलेले असते.

‘स्पर्शाने पसरतो’ आणि ‘कायमचा जातो’ या दोन दाव्यांना एकच उत्तर पुरेसे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या जागतिक आरोग्य सभेने २०१४ साली संमत केलेल्या ठरावात सोरायसिसला दीर्घकालीन, असंसर्गजन्य आणि कायमचा बरा करणारा इलाज नसलेला आजार म्हटले आहे. उपचारांनी तो आटोक्यात राहतो, पण दहा दिवसांत मुळापासून जात नाही, आणि आत्याचा टॉवेल वेगळा ठेवण्याचेही काही कारण नाही.

घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मुलांच्या छाती-पाठीवर उठणारे थेंबांएवढे चट्टे या संदेशात कुठेच नाहीत. त्यांना घरोघरी ‘अॅलर्जी’ म्हटले जाते, पण तोही सोरायसिस असू शकतो.

राहिली नखे. बुरशीने नख जाड आणि पिवळे होते हे खरे, आणि दोन्ही आजार एकाच नखात असू शकतात, म्हणून नखाचा तुकडा तपासावा. पण शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खळगे नखावर दिसले, तर सोरायसिसचा विचार आधी करावा लागतो, कारण नखांच्या सोरायसिसचे सांध्यांच्या आजाराशी जवळचे नाते आहे. आत्याच्या दोन नखांवर असे खळगे आहेत. सकाळी उठल्यावर बोटे बराच वेळ आखडलेली असतात, हे तिने मला या संदेशावरून बोलणे निघाल्यावर सांगितले. त्वचेच्या डॉक्टरांना सांध्यांचे काय सांगायचे, असे तिला वाटत होते. मलम तिने पुन्हा सुरू केले आहे, आणि येत्या सोमवारी बोटे दाखवायला मी तिच्याबरोबर जाणार आहे.