चार कोटींचा शनी

वडिलांच्या नावावरचं मीटर माझ्या नावावर करायचं, एवढंच काम. माझा नंबर येतोय तोच "फक्त एक विचारायचंय" म्हणत एक गृहस्थ आडवा घुसला आणि विचारता विचारता अर्ज देऊन पावती घेऊनच गेला. पुढची पावती माझी. क्रमांक 40173146.

आता कागद तपासायची दुसरी रांग. मागचे सफारीतले काका माझ्या खांद्यावरून पावती वाचत होते. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरला.

"सव्वीस. दोन नि सहा आठ. शनी. अवघड आहे, साहेब."

मी म्हटलं, काका, आकड्यांची अशी बेरीज म्हणजे नवाने भागून उरलेली बाकी. दर नऊ अर्जांत एकाला शनी येणारच. तो मघाचा घुसला नसता तर माझी बेरीज सात आली असती.

"सात म्हणजे केतू. तोही तुम्हाला वाईटच."

आधीच रांगेत जागा गेलेली, त्यात ग्रहही दुसऱ्याचा माथी मारलेला! मला चेव चढला. चार कोटींच्या घरातली ही संख्या सव्वीसने निःशेष भागली जाते, उत्तर 1545121. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे कापरेकर मास्तर हर्षद संख्या म्हणत, असं मी ठणकावलं.

"हर्षद? तो शेअरवाला?"

रांग हसली. मला नाही हसू आलं. शाळेत शिकवता शिकवता या माणसाने 1949 मध्ये 6174 ची गंमत जगापुढे मांडली. तरी इथल्या बऱ्याच पंडितांनी त्यांचं काम पोरखेळात काढलं. 1975 मध्ये अमेरिकेत गणितावर लोकांसाठी लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे नाव झालं. आणि पेरांवर ग्रह मोजणाऱ्याला मात्र रांगेतल्या दोन बायका आपापल्या पावत्या दाखवत होत्या! एकीला गुरू निघाला. तिने काकांना चक्क चिक्की दिली.

मी हट्टाने झेरॉक्सच्या पाठीवर शेवटचे चार आकडे घेतले, 3146. उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करायचा, 6431 उणे 1346. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. 5085, 7992, 7173, 6354, 3087, 8352 आणि शेवटी 6174! चारही अंक सारखे नसतील तर कुठूनही निघा, इथेच पोचता.

काकांनी कागद हातात घेऊन वजाबाक्या मोजल्या.

"सात झाल्या. म्हणजे सात खेपा."

"अहो, सातापेक्षा जास्त कधीच लागत नाहीत!"

"हां, मग सातात होईल."

एवढ्यात खिडकीतल्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या." तो घुसखोर तेवढ्यात शिक्का मारून घेऊन जिना उतरत होता.

काकांनी अंगठा पहिल्या पेरावर टेकवला.

"एक."