एक शेअर मोडला, तीन विकले: बायबॅकवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना एका मुद्द्यावर निमूटपणे मान डोलवावी लागली, त्याबद्दल आधी लिहितो. पण ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. मार्च २०२० च्या पडझडीबद्दल मी लिहिलं होतं की अमेरिकी विमान कंपन्यांनी बायबॅक करून, म्हणजे स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घेऊन, शाकारणीचे पैसे उन्हाळ्यातच वाटून टाकले आणि पाऊस लागल्यावर सरकारच्या ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या. त्यावर तुम्ही म्हणता: बायबॅक म्हणजे मालकाचा पैसा मालकाला परत देणं, त्यात पाप कसलं? महासाथ येणार हे कुणाला ठाऊक होतं? कर्ज विमानांसाठी होतं, बायबॅकसाठी नव्हे. विमानं बनवणाऱ्या बोइंगने तर सरकारची मदत घेतलीच नाही. आणि ‘बैल गेला आणि झोपा केला’ छापाचं शहाणपण पुण्यात बसून सांगणं सोपं आहे. न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या, पगाराचा एक भाग कंपनीच्या शेअरमध्ये घेणाऱ्या माणसाला हे तोडून बोलणं लागलं असेल, हे समजू शकतो.

माझी चूक आधी. लेखात मी ते गाजलेलं वाक्य जसंच्या तसं उचललं होतं: मोठ्या अमेरिकी विमान कंपन्यांनी दहा वर्षांतल्या मोकळ्या रोख रकमेपैकी (धंद्याचा खर्च आणि विमानांची खरेदी भागवून उरलेल्या पैशापैकी) ९६ टक्के रक्कम बायबॅकवर घातली. आकडा खोटा नाही, पण तो सगळ्यांची मोट बांधून काढलेला आहे. अमेरिकन एअरलाइन्सची त्या दशकातली मोकळी रोख चक्क उणे होती. तिने बायबॅकवर घातलेले १२ अब्जांहून अधिक डॉलर अंशात आले आणि तिची उणे रोख छेदातून वजा झाली. साहजिकच सगळ्या कळपाचा आकडा फुगला. साउथवेस्ट एअरलाइन्सनेही भरपूर बायबॅक केलं होतं, पण तिच्यावर कर्ज बेताचं होतं आणि १९७३ ते २०१९ अशी सलग ४७ वर्षं ती नफ्यात होती. तिला आणि अमेरिकनला मी एकाच माळेत ओवलं. ते चुकलं.

पण याच चुकीतून माझा मुद्दा उलट पक्का होतो, असं मला वाटतं. बायबॅक दोघींनीही केलं. गळा आवळला गेला तो एकीचाच.

‘महासाथ कुणाला ठाऊक होती’ हे खरंच. नक्की कुठलं संकट येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण या धंद्यात दर काही वर्षांनी काहीतरी येतंच, हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर युनायटेडने २००२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, २००५ मध्ये डेल्टा आणि नॉर्थवेस्टने, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये खुद्द अमेरिकनने. कोकणातला माणूस कुठल्या तारखेला ढग फुटेल हे सांगू शकत नाही म्हणून शाकारणी सोडतो का? आणि याच अमेरिकनच्या प्रमुखांनी, डग पार्कर यांनी, २०१७ मध्ये गुंतवणूकदारांसमोर सांगितलं होतं की कंपनी पुन्हा कधी तोट्यात जाईल असं आपल्याला वाटत नाही. दिवाळखोरीतून बाहेर पडून तेव्हा चार वर्षंही झाली नव्हती.

आता ‘मालकाचा पैसा मालकाला’ हे बघू. तत्त्व मान्य. पण कुठल्या मालकाला? बायबॅकमध्ये जो शेअर विकून निघून जातो त्याच्या हाती रोकडा पडतो. जो थांबतो त्याला मिळतो केकचा थोडा मोठा तुकडा, आणि तो तुकडा किती मोठा हे कंपनीने कुठल्या भावाला शेअर घेतले यावर ठरतं. अमेरिकनने २०१४ पासून घेतलेल्या शेअरांचा सरासरी भाव ४० डॉलरच्या जवळपास होता. जून २०२० मध्ये पैशाची निकड लागली तेव्हा तिने नवे शेअर १३.५० डॉलरने विकले. म्हणजे ४० डॉलर देऊन एक शेअर मोडीत काढला आणि तेच ४० डॉलर परत उभे करायला जवळपास तीन शेअर छापले. त्याच सुमारास तारण देऊन काढलेल्या रोख्यांवर ११.७५ टक्के व्याज कबूल केलं. तेही अमेरिकी मध्यवर्ती बँकेचा दर शून्यावर असताना! जो भागधारक ‘दीर्घकाळ थांबतो’ म्हणून आपण त्याचं कौतुक करतो, नेमका त्याचाच वाटा घटला.

हे एकट्या अमेरिकनचं दुखणं नाही. एस अँड पी ५०० या मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या निर्देशांकातल्या कंपन्यांनी २००७ मध्ये, बाजार शिखरावर असताना, ५८९ अब्ज डॉलरचं बायबॅक केलं. २००९ मध्ये शेअर मातीमोल झाले तेव्हा हा आकडा १३८ अब्जांपर्यंत खाली आला. भाजी महाग असताना पिशवी भरायची आणि स्वस्त झाल्यावर घरी बसायचं, असला बाजार आपल्या घरातलं कुणी करून आलं तर आपण काय म्हणू?

तुमचा कर्जाचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून त्यावर जास्त वेळ घेतो. अमेरिकनने कर्ज विमानांसाठी काढलं हे कागदावर अगदी बरोबर आहे. पण पैशावर नाव लिहिलेलं नसतं. तिकिटांतून आलेली रोख बायबॅकला गेली आणि विमानं कर्जावर आली. रोख विमानांना गेली असती तर बायबॅक कर्जावर झालं असतं. दोन्ही हिशोबांत वर्षाअखेरीचा ताळेबंद एकच. मुलीच्या फीचे पैसे सहलीत उडवून फीसाठी कर्ज काढणारा बापही ‘कर्ज शिक्षणासाठी आहे’ असंच सांगतो.

मग कर्ज घेऊन बायबॅक करणं नेहमीच वाईट का? नाही, आणि इथे मी तुमच्या बाजूला येतो. अॅपलने २०१३ मध्ये १७ अब्ज डॉलरचे रोखे काढले, ते भागधारकांना पैसे परत देण्यासाठीच. तिची रोख परदेशात पडून होती आणि ती मायदेशी आणली तर कर मोठा बसला असता. एप्रिल २०२० मध्ये बाकीचे बायबॅक थांबवत असताना तिच्या संचालकांनी आणखी ५० अब्जांच्या बायबॅकला मंजुरी दिली. कर्ज होतं, पण तिच्या दाराशी उद्या सकाळी कुणी वसुलीला उभं राहणार नव्हतं.

कर्ज किती आहे यापेक्षा, कधी विकायचं हे कोण ठरवणार, यावर सगळं येऊन ठेपतं. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. २०१९ मध्ये घराच्या डागडुजीसाठी मी शेअर तारण ठेवून कर्ज घेतलं होतं. शंभर रुपयांच्या शेअरांवर अडतीस रुपये, बँकेची मर्यादा पन्नासची. मला वाटायचं, आपण किती जपून आहोत! फेब्रुवारी २०२० संपताना बँकेचे फोन सुरू झाले. १३ मार्चला सकाळी बाजाराला खालचं सर्किट, म्हणजे पडझडीची ठरलेली मर्यादा, लागून व्यवहार पाऊण तास थांबले आणि दिवसाअखेरी निर्देशांक चक्क वर बंद झाला, तेव्हा वाटलं सुटलो. मग २३ मार्च उजाडला. सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी पडून २५,९८१ वर आला. माझ्या शंभराचे पंचावन्न झाले होते. पंचावन्नवर बँक साडेसत्तावीसच धरणार, आणि हातात भरायला रोख नव्हती. कागदावर साडेदहा रुपयांचीच तूट. पण शेअर विकून भरायची तर विकलेल्या प्रत्येक रुपयाबरोबर तारणही एका रुपयाने घटतं. हिशोब करून बघा, पंचावन्नपैकी एकवीस रुपयांचे शेअर विकावे लागतात. मी विकले, तळाच्या दिवशी. बँकेचं काही चुकलं नव्हतं, तिने कागदावर लिहिलेलं तेच केलं. शेअर माझे, पण विकण्याचा दिवस तिचा.

अमेरिकनचं १३.५० डॉलरचं प्रकरण वाचलं तेव्हा मला त्या कंपनीचा राग कमी आणि स्वतःची आठवण जास्त आली. तेव्हा, पुण्यात बसून शहाणपण शिकवतो असं म्हणताय, तर ती फी मी भरलेली आहे.

बोइंगबद्दल. सरकारकडून कर्ज घेतलं नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर. ३० एप्रिल २०२० ला तिने २५ अब्ज डॉलरचे रोखे विकले आणि सरकारी मदत नको म्हणून सांगितलं. पण त्याआधी मार्चमध्ये विमाननिर्मिती उद्योगासाठी ६० अब्जांची मदत मागणारी तीच होती, आणि मधल्या काळात २३ मार्चला फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकी मध्यवर्ती बँकेने, कंपन्यांचे रोखे विकत घेण्याची तयारी जाहीर केली होती. गोठलेला रोखेबाजार त्यानंतर वितळला. शेजाऱ्याने बंब आणून दारात उभा केला, मग आम्ही पाणी मागितलंच नाही, असं म्हणण्यासारखं आहे हे. २०१३ ते २०१९ या काळात बोइंगने बायबॅकवर ४३ अब्ज डॉलर घातले. २०१८ मध्ये शेअर बहुतेक काळ ३०० डॉलरच्या वर होता, तेव्हाही ती घेत होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने नवे शेअर १४३ डॉलरने विकले. मधल्या दुर्दशेला महासाथीआधीचं, दोन अपघातांनंतर जमिनीवर बसवलेल्या ७३७ मॅक्स विमानांचं प्रकरण कारण आहे, सगळं खापर बायबॅकवर फोडता येणार नाही. पण तो पैसा हाताशी असता तर ‘कधी विकायचं’ हे तिने ठरवलं असतं.

गुंतवणूकदार वॉरन बफे बायबॅकच्या बाजूने आहेत, असंही तुम्ही लिहिलंय. आहेत, पण शेअर त्याच्या खऱ्या किमतीपेक्षा स्वस्त असेल तरच, ही त्यांची अट प्रत्येक वेळी गाळली जाते. गंमत म्हणजे मार्च २०२० अखेर त्यांच्या बर्कशायर कंपनीकडे १३७ अब्ज डॉलरची रोख होती, तरी त्या तिमाहीत त्यांनी जेमतेम १.७ अब्जांचं बायबॅक केलं. वर्षभरात मग २४.७ अब्जांचं केलं, बरंचसं भाव सावरल्यावर. तळ त्यांनाही साधला नाही. फरक इतकाच की त्यांना तळाला काही विकणं भाग पडलं नाही. चार विमान कंपन्यांचे शेअर त्यांनी विकून टाकले, पण ते स्वतःच्या मनाने.

भारताचा विषय तुम्ही ‘तिथे कायदा कडक आहे, तुलना गैरलागू’ म्हणून उडवून लावलात. कायदा कडक आहे खरा. १९९८ पर्यंत इथे बायबॅकला परवानगीच नव्हती. आज भरणा झालेलं भांडवल आणि मुक्त गंगाजळी (नफ्यातून साठलेली, वाटता येण्याजोगी रक्कम) यांच्या २५ टक्क्यांपलीकडे जाता येत नाही, बायबॅकनंतरचं कर्ज त्यांच्या दुपटीहून जास्त चालत नाही, आणि बायबॅकसाठी बँकेकडून कर्ज काढायला बाजार नियामक सेबीची मनाई आहे. यातली शेवटची अट ऐकायला सगळ्यात दमदार, पण पैशावर नाव लिहिलेलं नसतं हे वर म्हटलंच आहे. खरं काम करते ती दुपटीची मर्यादा.

वेळ चुकण्याला मात्र कुठलाच कायदा औषध नाही. मार्च २०२० मध्ये टीसीएसचा शेअर १,७०० च्याही खाली होता. कंपनीने बायबॅक जाहीर केलं ऑक्टोबरात, ३,००० रुपयांनी, १६,००० कोटींचं. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा, ४,५०० रुपयांनी, १८,००० कोटींचं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात भाव ३,००० च्या आसपास आला. यात कुणाचं दिवाळं निघालं नाही, कारण कर्ज नव्हतं. महाग भावाने भाजी घेतली एवढंच.

बायबॅकवर बंदी घाला असं मी कुठेही लिहिलेलं नाही, ते वाक्य तुम्ही माझ्या तोंडी घातलंत. मार्च २०२० च्या अमेरिकी मदत कायद्यात पैसे घेणाऱ्या विमान कंपन्यांवर काही काळ बायबॅकची बंदी होती ती मला रास्त वाटली. २०२३ पासून अमेरिकेत लागू झालेला बायबॅकवरचा एक टक्का कर मात्र साउथवेस्ट आणि अमेरिकन यांना एकाच मापाने मोजतो, मी लेखात केलं तेच.

जाता जाता एक काम सांगतो, राग नसावा. तुमच्या कंपनीच्या वार्षिक अहवालात पाच वर्षांपूर्वीची एकूण शेअरसंख्या आणि आजची संख्या बघा, आणि मधल्या काळात बायबॅकवर किती खर्च झाला तेही. तुमच्यासारख्यांना पगारात दिलेले शेअर भरून काढण्यातच बराचसा पैसा गेलेला असतो, म्हणून संख्या खर्चाच्या मानाने हलत नाही. आकडा सापडला तर इथेच लिहा, कंपनीचं नाव नको.

९६ टक्क्यांचं वाक्य मूळ लेखातून आज काढलं आहे आणि साउथवेस्टवर एक परिच्छेद घातला आहे.