'आपोआप थांबायचे' म्हणणाऱ्या अनुभवी पालकांना उत्तर

'अनुभवी पालक' यांस,

मधल्या कानाच्या जंतुसंसर्गावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "आमच्या लहानपणी सगळ्यांचे कान वाहायचे आणि आपोआप थांबायचे. तुमच्यासारखे लोक आईबापांना घाबरवून अँटिबायोटिक गिळायला लावतात. ना डॉक्टर, ना कंपाउंडर, लिहिता कशाला?" शिवाय लस, धूर, बाटली यांबद्दल मी लिहिलेलं सगळं म्हणजे 'नवी फॅडं', आणि नातवाचा कान महिनाभर अधूनमधून वाहतोय तरी पोरगा मजेत आहे, हेही.

शीर्षक जरा भडक होतं, मान्य. पण 'तुमच्यासारखे लोक' म्हणजे कोण हो? मी डॉक्टर नाही हे लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. तुम्ही तिथवर पोहोचलात की शीर्षकावरच हात शिवशिवले, कुणास ठाऊक. मतभेद असा अंगावर धावून न येताही मांडता येतो.

आता ते 'आपोआप थांबायचे'. मधल्या कानात पू साठला की पडद्यावर दाब येतो आणि कान ठणकतो. पडदा फाटून पू बाहेर आला की ठणका बसतो, मूल झोपतं, घरचे म्हणतात, सुटलो! बहुतेक वेळा ते छिद्र भरूनही येतं. काहींचं येत नाही. काहींचा पडदा धड असतो, पण त्यामागे द्रव साचून राहतो, आठवडेच्या आठवडे, कधी तीन-तीन महिने. दुखत नाही, ताप नाही, फक्त ऐकू कमी येतं. दोन वर्षांचं मूल हे येऊन सांगणार आहे का? ते हाकेला ओ देत नाही, बोलायला उशीर करतं, आणि आपण त्याला हट्टी ठरवून मोकळे होतो.

हे मी कुठून उचललेलं नाही. माझा डावा कान असाच 'आपोआप' थांबला होता. शाळेत 'याचं लक्ष नसतं' हा शेरा कायमचा. पडद्याला छिद्र आहे हे कळलं मोठेपणी. ऑपरेशन करून पडदा बसवला, तरी आजही डावीकडून कुणी बोललं की मला मान वळवावी लागते. तुमच्या त्या 'सगळ्यां'मध्ये मीही मोडतो, साहेब. आणि अँटिबायोटिक येण्याआधी ज्या मुलांच्या कानामागच्या हाडात पू उतरला, तिथून मेंदूच्या आवरणापर्यंत गेला, त्यांतली कितीतरी मोठी झालीच नाहीत. ती तुमच्या-माझ्यासारखी लहानपणच्या आठवणी सांगायला कुठून येणार?

अँटिबायोटिकचं तर मी उलटंच लिहिलं होतं. मूल दोन वर्षांवरचं असेल, दुखणं सौम्य असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक देऊन ४८ ते ७२ तास वाट पाहता येते. सहा महिन्यांखालचं बाळ, ३९ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, असह्य ठणका किंवा वाहता कान असेल तर वाट पाहायची नाही. बहुतेक कानदुखी औषधाविना उतरते हे तुमचं म्हणणं खरंच आहे, फक्त ते माझ्या लेखात आधीपासून होतं.

फॅडांबद्दल थोडक्यात. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे जाणारी नळी बाळांमध्ये आखूड आणि आडवी असते. उताणं झोपवून बाटली दिली की दूध तिकडे शिरू शकतं. सिगारेटच्या धुराने त्या नळीचं अस्तर सुजतं. न्यूमोकोकल लस (न्यूमोकोकस या जंतूविरुद्धची) सगळी कानदुखी रोखत नाही, काही रोखते, आणि मी 'काही'च लिहिलं होतं. यावर वाद घालायला मला खरंच वेळ नाही.

राहता राहिला नातू. दोन आठवडे उलटूनही वाहणारा कान तुमच्या 'आपोआप'मध्ये बसत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, ऐकण्याची तपासणी करून घ्या. तोवर कान कोरडा ठेवा आणि घरात पडलेले जुने थेंब घालू नका, कारण पडदा फाटलेला असताना काही थेंब आतल्या कानाला इजा करतात. कानामागे सूज आली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटली, किंवा ताप आणि उलट्यांसोबत मान आखडली तर थेट रुग्णालय गाठा. माझ्यावरचा राग नंतर काढा.