चेहरा दिसत नाही म्हणून भाव नाहीत? एकदा बघा तरी

परत तोच फॉरवर्ड आलाय. म्हणे डिस्नेची स्नो व्हाइट (१९३७) ही जगातली पहिली फुल लेंथ अॅनिमेशन फिल्म, आणि त्याआधीच्या परीकथांच्या काळ्या सावल्यांच्या फिल्म म्हणजे पैसे नव्हते म्हणून मारलेला शॉर्टकट, चेहराच नाही तर भावना कुठून येणार.

"पहिली" हे सरळ चूक. जर्मन कलाकार लोटे रायनिगरची सावल्यांचीच फिल्म, प्रिन्स आख्मेद, बर्लिनमध्ये १९२६ ला लागली, तासाभराहून मोठी. अर्जेंटिनात १९१७ ला एक झाली होती पण तिची प्रिंटच उरली नाही, त्यामुळे आज बघता येतात त्यात आख्मेदच सगळ्यात जुनी.

पैसे होते हो. लुई हागेन नावाच्या बँकरने दिले, पॉट्सडॅमला त्याच्या गॅरेजच्या वरच स्टुडिओ थाटला. सावल्या ही रायनिगरची आवडच, पुढे १९५० च्या दशकात लंडनमध्येसुद्धा तिने परीकथा अशाच केल्या.

आणि शॉर्टकट? काळा पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा, त्यातून बाहुलीचे हात पाय मान सगळं वेगवेगळं कापायचं, तारेने सांधे जोडायचे, काचेवर आडवं ठेवून खालून लाइट आणि वर कॅमेरा, मग केसभर हलवा, एक फ्रेम घ्या, परत हलवा, असं तीन वर्षं! क्लोजअपसाठी मोठ्या बाहुल्या वेगळ्या कापल्या. मागचे डोंगर आणि ढग टिश्यू पेपरच्या थरांचे, थर वाढला की रंग गडद.

आता भावना. फिल्मची नायिका परी बानू तळ्यावर उतरून पिसांचा पोशाख काढते, आख्मेद लपून बघतोय, पोशाख त्याने पळवल्यावर ती घाबरून रानातून धावत सुटते, तिथे डोळे ओठ काही दिसत नाही पण मानेचा बाक आणि बोटांची टोकं बघून माझ्या छातीत धस्स होतं, दर वेळी. आणि ती ज्वालामुखीची चेटकीण! आकार नुसता बेढब, पहिल्यांदा बघितलं की वाटतं हीच खलनायिका, पण ती हलायला लागली की कळतं ही आपल्या बाजूची आहे, आणि मग दुष्ट जादूगाराशी तिची झुंज, तो सिंह होतो, विंचू होतो, तीही लगेच रूप बदलते, आणि कुठल्याही रूपात कोण कोण आहे हे आपल्याला क्षणभरही विचारावं लागत नाही.