केझिकची गाडी आणि केझिकचा मार्ग

इंग्लंडच्या वायव्येला, सरोवरांच्या आणि डोंगरांच्या कंब्रियात, केझिक हे छोटे शहर आहे. तेथील रेल्वे स्थानक ६ मार्च १९७२ रोजी बंद झाले. तोट्यात चालणारी गाडी बंद करण्यामागचे कारण मला समजते. परंतु गाडी थांबल्यानंतर मार्गाची जमीनही मोडू दिली गेली, ही त्याहून गंभीर चूक होती असे माझे ठाम मत आहे.

हा मार्ग मुळात पर्यटकांसाठी नव्हताच. ईशान्य इंग्लंडमधील डरहॅमचा कोक, म्हणजे दगडी कोळशापासून केलेले भट्टीचे इंधन, पश्चिम कंबरलंडमधील (आताच्या कंब्रियातील) लोखंडाच्या भट्ट्यांपर्यंत पोहोचावा म्हणून ‘कॉकरमाउथ, केझिक अँड पेनरिथ रेल्वे’ला १८६१ मध्ये संसदेची मंजुरी मिळाली. अभियंता होते टॉमस बाउच. स्कॉटलंडमधील त्यांचा टे नदीवरचा पूल १८७९ च्या वादळात गाडीसह कोसळला आणि ते नाव कायमचे बदनाम झाले. पण ग्रेटा नदीच्या अरुंद घळीतून, ती नदी पुन्हा पुन्हा ओलांडत त्यांनी केझिकपर्यंत नेलेला मार्ग शंभरहून अधिक वर्षे गाड्यांचा भार वाहत राहिला, हेही त्यांच्या खात्यावर नोंदले गेले पाहिजे.

प्रवासी वाहतूक २ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाली आणि शहराचे रूप पालटले. १८६९ मध्ये स्थानकाला लागूनच मोठे हॉटेल उभे राहिले, तर १८७५ पासून भरणाऱ्या वार्षिक ख्रिस्ती संमेलनाला भाविक गाडीने येऊ लागले. त्याच काळात, १८८३ मध्ये, होनिस्टरच्या खाणींतील पाटीदगडाची वाहतूक करण्यासाठी शेजारच्या खोऱ्यातून नवा लोहमार्ग नेण्याचा बेत निघाला, तेव्हा केझिकजवळच्या क्रॉसथ्वेटचे धर्मगुरू हार्डविक रॉन्स्ली यांनी त्याला विरोध केला आणि तो बेत मागे घ्यावा लागला. हेच रॉन्स्ली पुढे १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट या निसर्ग व वारसा जपणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक झाले. त्यांचा विरोध मला योग्य वाटतो, कारण कोणते खोरे अस्पर्श ठेवायचे याचा तो विचारपूर्वक केलेला निवाडा होता. असा विचार १९६० च्या दशकात कुठेच दिसत नाही.

तोट्यातले रेल्वेमार्ग बंद करण्याची शिफारस करणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर देशभर मार्ग बंद होत गेले. कॉकरमाउथ ते केझिक हा पश्चिमेचा भाग १८ एप्रिल १९६६ पासून बंद झाला, आणि पुढे बॅसेनथ्वेट सरोवराच्या काठाने गेलेल्या त्याच जमिनीवर ए-६६ रस्त्याचे रुंदीकरण झाले. पेनरिथकडून येणारी गाडी आणखी सहा वर्षे चालली. शेवटी तर स्थानकावर कर्मचारीही उरले नव्हते. एका टोकाला तोडलेल्या मार्गावर उतारू कमी झाले, आणि मग उतारू कमी म्हणून उरलेलाही मार्ग बंद केला गेला, हा हिशेब मला कधीच प्रामाणिक वाटला नाही.

स्थानकाची इमारत हॉटेलने सामावून घेतली, त्यामुळे ती वाचली. घळीतल्या मार्गावर पायवाट झाली. डिसेंबर २०१५ च्या डेस्मंड वादळात तिचे पूल वाहून गेले. ते नव्याने बांधून आणि रस्त्याच्या कामात गाडला गेलेला जुना बोगदा मोकळा करून ती डिसेंबर २०२० मध्ये पुन्हा खुली झाली. या कामाचे मला मनापासून कौतुक आहे. मात्र उन्हाळ्यात मोटारींनी भरून जाणाऱ्या या शहरासाठी पेनरिथची गाडी पुन्हा सुरू व्हावी, ही मागणी १९९० च्या दशकापासून होत आली आहे, आणि ती पुरी होईपर्यंत उरलेल्या जमिनीवर एकही नवे बांधकाम होऊ नये, एवढी तरतूद तेथील नियोजनात असलीच पाहिजे.