ड्यूटी फ्री घेताय? आधी टॅक्स मुळात किती होता ते बघा

भारत-ब्रिटन व्यापार करारावर 24 जुलै 2025 ला सह्या झाल्या तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एकच चर्चा, आता स्कॉच इकडेच स्वस्त होणार मग दुबईहून बाटल्या कशाला वाहून आणायच्या. सांगलीचे काका म्हणतात बाटली नको आणू, पण चॉकलेटं आणि परफ्युम मात्र ड्यूटी फ्रीमधूनच घे, तिथे टॅक्स नसतो. मला वाटतं हे नेमकं उलटं करायला हवं.

ड्यूटी फ्री म्हणजे टॅक्स वजा झाला, एवढंच. दुबईत व्हॅटच मुळात 5 टक्के, तोही 2018 पासून. म्हणजे 40 दिरहमच्या चॉकलेटवर सुटणार किती तर दोनेक दिरहम, आणि एअरपोर्टच्या भावात ते कुठल्या कुठे जातात. मागच्या दिवाळीला निघताना मी एक सोनेरी डबा उचलला, मागचं वजन बघितलं, मोबाईलवर भागाकार केला तर किलोचा भाव आमच्या दुबईतल्या करामा भागातल्या सुपरमार्केटपेक्षा जास्त, डबा दिसतो मोठा पण निम्मी जागा आतल्या प्लास्टिकच्या साच्यानेच खाल्लेली. परफ्युमचंही तेच, दुबईच्या देरा भागात दुकानदार भाव तरी कमी करतो.

खरं सांगतो, दोन-तीन वर्षांनी घरी निघालेली साइटवरची पोरं शेवटच्या तासाभरात गेटजवळ पिशव्या भरताना दिसली की जीव तुटतो. उन्हातान्हात कमावलेले पैसे आहेत ते.

दारूचं गणित मात्र वेगळं. दुबई शहरात दारूवर 30 टक्के पालिकेचा कर आहे, 2023 ला काढला होता, जानेवारी 2025 पासून परत लावला. आणि आपल्याकडे करारात स्कॉचवरचं कस्टम 150 टक्क्यांवरून आधी 75 आणि मग दहा वर्षांत 40 वर आणायचं ठरलंय, चांगलंच आहे, पण ते झालं केंद्राचं. दारू जीएसटीत येतच नाही, राज्याचं उत्पादन शुल्क वेगळं, व्हॅट वेगळा. 2021 मध्ये महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं शुल्क 300 टक्क्यांवरून निम्मं केलं, तरी 150 उरलंच ना. शिवाय दुकानातली बाटली 750 मिलीची आणि ड्यूटी फ्रीतली बहुतेक वेळा एक लिटरची, भाव लावताना ग्रुपवर हे कोणी धरतच नाही.

म्हणून दारू मात्र ड्यूटी फ्रीतूनच घ्या, भारतात येताना माणशी 2 लिटर दारू ड्यूटी न भरता आणायची मुभा आहे, ती वापरा. फक्त ट्रॅव्हल एक्सक्लुझिव्ह लिहिलेल्या बाटल्या जपून घ्या, त्यांच्यावर बऱ्याचदा दारू किती मुरवलीय, 12 वर्षं की 18 वर्षं, असं काही लिहिलेलंच नसतं आणि बाहेर मिळत नाहीत त्यामुळे भाव ताडून बघायला काही सापडत नाही. आणि भारतातलं कार्ड दुबईत वापरलं तर मशीन विचारतं रुपये की दिरहम, तिथे दिरहमच दाबा, रुपयांचा रेट आपल्याला महागात पडतो.

काका, तुमच्या दोन बाटल्या मुंबईला उतरल्यावर तिथल्या ड्यूटी फ्रीतून घेतो, भाव आधीच ऑनलाइन बघून ठेवलाय. चॉकलेटं बुधवारीच करामातून आणून बॅगेत भरलीयेत.