प्रेक्षणीय पाहुणे

अहमदाबादेत उतरायचे ठरले तेव्हा साबरमतीच्या पलीकडच्या काचेच्या हॉटेलांत राहण्याचा सोपा, सुखाचा आणि तुलनेने स्वस्त मार्ग आम्हाला मोकळा होता. परंतु सौभाग्यवतींनी जुन्या शहरातल्या एका हवेलीचे छायाचित्र पाहिले होते, आणि त्यातल्या कोरीव झरोक्यात एक पितळी लोटा, एक लोड आणि एक उघडे पुस्तक अशा बेताने मांडलेले होते की, त्या लोडाला टेकून ते पुस्तक वाचल्याशिवाय माणसाचा जन्म फुकट जावा. हवेलीत मोजक्या खोल्या होत्या, आणि एका रात्रीचे भाडे आमच्या सोसायटीच्या तिमाही देखभाल खर्चाच्या जवळपास जात होते. "इतक्या पैशांत लिफ्ट तरी असेल ना?" असे मी विचारले, तेव्हा घरात जी शांतता पसरली तिच्यावरून माझ्या अभिरुचीबद्दलचे सौभाग्यवतींचे मत मला कळले.

1411 साली अहमदशहाने वसवलेले हे शहर 2017 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, आणि हा मान मिळवणारे ते भारतातले पहिले शहर ठरले. त्या वारशाचा प्राण म्हणजे तिथल्या शेकडो पोळी. पोळ म्हणजे एक दरवाजा, आत एक गल्ली, त्या गल्लीला फुटलेल्या आणखी गल्ल्या, त्यांतल्या काही भिंतीत जाऊन संपणाऱ्या, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी असलेली उंच, अरुंद घरे. पूर्वी रात्री दरवाजा बंद केला की पोळेतली मंडळी निर्धास्त झोपत. शत्रूला आत शिरता येऊ नये म्हणून केलेली ही रचना आजही उत्तम काम देते, याचा अनुभव चाके लावलेली बॅग घेऊन येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला येतो. काळुपूर स्टेशनावरून निघालेल्या आमच्या रिक्षावाल्याने दरवाजाशी रिक्षा उभी केली, "आगळ नहीं जाय," असे म्हणून सामान खाली ठेवले, आणि तो गेला.

तिथून पुढे आमची मिरवणूक सुरू झाली. पोळेतल्या प्रत्येक घरापुढे ओटा असतो, त्याला तिथे ओटलो म्हणतात, आणि संध्याकाळच्या वेळी प्रत्येक ओट्यावर कोणी ना कोणी बसलेले असते. बॅगेची चाके फरशांवरून असा काही खडखडाट करत होती की, आम्ही येण्यापूर्वी आमची वर्दी पुढच्या वळणावर पोचत असे. "क्यांथी आव्या, बेन?" असा प्रश्न पहिल्या ओट्यावर आला. तिसऱ्या ओट्यापर्यंत पोचलो तेव्हा तिथल्या बाईंनी "पूनाथी ने?" असे स्वतःच सांगून टाकले. हवेलीच्या दारात व्यवस्थापक महाशय स्वागताला उभे होते आणि आमची मुले अमेरिकेत असतात हे त्यांना ठाऊक झालेले होते. नोंदवहीतले रकाने भरण्याचे काम तेवढे केवळ कायद्यासाठी उरले होते.

हवेली देखणी होती, याबद्दल वाद नाही. मध्ये आकाशाला उघडा चौक, भोवती सागवानी खांब, खांबांवर पानाफुलांची आणि पोपटांची नक्षी, आणि एका कोनाड्यात छायाचित्रातला तो पितळी लोटा. मी वर पाहत पाहत आत शिरलो आणि चौकटीच्या वरच्या लाकडाने माझ्या कपाळाचे स्वागत केले. व्यवस्थापक हळहळले, परंतु त्या हळहळीत अभिमानाची छटा होती. दार मुद्दाम बुटके केले आहे, आत येणारा माणूस आपोआप घराला नमस्कार करतो, असे त्यांनी समजावले आणि शेवटी म्हणाले, "आ तो हेरिटेज छे ने, साहेब."

हे वाक्य पुढे आमच्या मुक्कामाचे पालुपद झाले. जिना इतका उभा होता की, चढताना पायरीशी आणि उतरताना देवाशी संधान बांधावे लागे. वरून सोडलेला जाड दोर धरून चढायचे असते. हेरिटेज छे ने. खोलीत कपाट नव्हते, भिंतीत तीन कोनाडे होते आणि त्यांतल्या दोनांत मातीचे हत्ती होते. हेरिटेज. पलंग एवढा उंच होता की, सौभाग्यवतींसाठी लाकडी पाट मागवावा लागला, आणि आलेला पाटही शंभर वर्षांचा असल्याने त्याच्यावर पाय देऊ नये अशी विनंती सोबत आली. साध्या लॉजमध्ये माणूस तक्रार करू शकतो. इथे प्रत्येक गैरसोयीला इतिहास होता, आणि इतिहासाविरुद्ध तक्रार करणारा माणूस आपोआप अडाणी ठरतो. बुटीक हॉटेलच्या धंद्याची खरी हुशारी इथेच आहे, असे माझे मत झाले.

न्हाणीघर पूर्वीच्या धान्याच्या कोठीत बसवलेले होते. दोन पायऱ्या खाली उतरून आणि पुन्हा एकदा घराला नमस्कार करून आत गेले की, काळ्या दगडाचे सुंदर बेसिन, तांब्याचा नळ आणि पांढरा शुभ्र गीझर दिसे. यांपैकी बेसिन चालत होते. तांब्याच्या नळाला रात्री ठिबकण्याची सवय होती. दिवसा कारागीर येऊन तो दुरुस्त करी, आणि अंधार पडला की नळ आपले व्रत पुन्हा सुरू करी. या शहराच्या स्थापनेची एक कथा आहे. माणेकनाथ नावाचा साधू दिवसा चटई विणत बसे आणि रात्री ती उसवी. तो चटई उसवू लागला की दिवसा बांधलेला कोट ढासळून पडे, आणि शेवटी बादशहाला त्या साधूची मनधरणी करावी लागली. बादशहाला निदान साधू सापडला होता. आमच्या नळामागचा साधू कोण, हे कारागिराला शेवटपर्यंत उमगले नाही.

गीझरची गत निराळी होती; तो कधी चाललाच नाही. परंतु पाण्याचा विषय काढताच व्यवस्थापकांचे डोळे चमकले आणि त्यांनी आम्हाला चौकात नेऊन फरशीतले एक झाकण उघडले. खाली टांके होते. पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी नळातून थेट या भूमिगत टाक्यात उतरते, चुन्याचा गिलावा केलेल्या आणि कायम अंधारात असलेल्या या टाक्यात ते महिनोन् महिने पिण्याजोगे राहते, आणि अशा टाक्यांच्या जोरावर या पोळी नळ येण्यापूर्वीचे कोरडे उन्हाळे काढत आल्या. व्यवस्थापकांनी विजेरीचा झोत टाकून आत डोलणारे काळेभोर पाणी दाखवले. मी मनापासून थक्क झालो. आजोबा-पणजोबांच्या काळचे टांके आजही गळत नाही आणि गेल्या दिवाळीत बसवलेला गीझर संक्रांतीपर्यंतही टिकत नाही, हा विचार मात्र मी मनातच ठेवला, कारण डिसेंबरातल्या सकाळी गरम पाण्याची बादली स्वयंपाकघरातून वर पोचवण्याचे आश्वासन याच गृहस्थांकडून घ्यायचे होते.

रात्रीचे जेवण हवेलीत मिळत नव्हते. "माणेक चौक आहे ना," असे सांगण्यात आले, आणि तो सल्ला नाकारण्यासारखा नव्हता. सकाळी गाईंचा चारा, दिवसा सोने-चांदी आणि रात्री खाणे, अशा तीन पाळ्यांत चालणारा हा चौक सराफांची दुकाने बंद झाली की तव्यांनी भरून जातो. तिथे लोण्याच्या लादीखाली भाजी दडवून ठेवलेली पावभाजी मिळते, आणि चॉकलेटचे व अननसाचे सँडविचही मिळते. अननसाचे सँडविच मी खाल्ले. त्यावर चीज किसून घालतात एवढी माहिती देऊन मी तो विषय संपवतो. परतताना नकाशाने आम्हाला एका गल्लीच्या बंद तोंडाशी नेऊन "आपण पोहोचला आहात" असे जाहीर केले. तेव्हा वरच्या खिडकीतून एका अनोळखी आजींनी, आम्ही काही न विचारताच, डावीकडे जा असा हात केला.

झोपेबद्दल थोडे सांगितले पाहिजे. या घरांच्या विटांच्या भिंतींत ठरावीक अंतरावर लाकडाचे बंध घातलेले असतात. भूकंपात घर डोलते, पण सहजासहजी कोसळत नाही. ही थोर विद्या आहे आणि तिच्यापुढे मी नतमस्तक आहे. परंतु डोलू शकणारे घर बोलूही शकते. वरच्या मजल्यावरच्या पाहुण्याने कूस बदलली की आमच्या डोक्यावरची तुळई सुस्कारा टाकी, तो पाण्यासाठी उठला की सगळा कडीपाट त्याच्यामागे चालत जाई, आणि तो परत झोपेपर्यंत आम्ही दोघे श्वास रोखून त्याची वाट पाहत असू. पहाटे त्याचा डोळा लागला की कबुतरे उठत. पोळेच्या मधोमध चबुतरा असतो, म्हणजे खांबावर उभारलेली पाखरांसाठीची नक्षीदार माडी, आणि रहिवासी तिथे श्रद्धेने दाणे टाकतात. ही भूतदया मला तत्त्वतः मान्य आहे. आमचा झरोका चबुतऱ्याच्या बरोबर समोर होता, एवढेच.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. अहमदाबाद महानगरपालिकेने 1997 साली हेरिटेज वॉक सुरू केला. सकाळी काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघायचे आणि पोळी पाहत पाहत जामा मशिदीशी थांबायचे, असा त्याचा क्रम आहे. वाटेत लांबेश्वरनी पोळ लागते. तिथे कवी दलपतराम (1820–1898) यांचा पुतळा त्यांच्या घराच्या ओट्यावर बसवलेला आहे, आणि पर्यटक त्यांच्या शेजारी बसून छायाचित्रे काढून घेतात. या वॉकच्या देखादेखी आता खासगी मार्गदर्शकही आपापली टोळकी घेऊन निरनिराळ्या पोळींतून हिंडतात, आणि असे एक टोळके रोज सकाळी आमच्या हवेलीखाली थांबते, ही गोष्ट आरक्षण करताना कोणी सांगितली नव्हती.

पहिल्या सकाळी मी टॉवेल गुंडाळून, तोंडात ब्रश धरून, बादलीची वाट पाहत झरोक्यात उभा होतो. गल्लीत तीस-एक माणसे गोळा झाली. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी वह्या उघडून होते, काही परदेशी पाहुणे होते, आणि मार्गदर्शक हात वर करून झरोका तोलून धरणाऱ्या कोरीव टेकूंबद्दल सांगत होता. त्याच्या बोटाबरोबर सगळ्यांच्या माना वर झाल्या, आणि कॅमेरेही. टेकू माझ्या पायांखाली असल्याने माझ्याशिवाय त्यांचे चित्र घेणे कोणालाच शक्य नव्हते. मी आत पळावे तर टॉवेलाची गाठ सैल, हात हलवावा तर ब्रश पडणार. आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, निदान पोट तरी आत घ्या!" एक विद्यार्थिनी खाली बसून माझे रेखाचित्र काढत होती, आणि तिच्या वहीत माझ्यापेक्षा झरोका जास्त सुबक उतरला असणार, याची मला खात्री आहे.

मी व्यवस्थापकांकडे गेलो. पडदा लावण्याची मागणी त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. पडद्याने नक्षी झाकली जाईल, असे दुःखाने सांगितले. आणि मग थोडे पुढे झुकून उलट मलाच एक विनंती केली. सकाळच्या त्या वेळेला मी कुडता घालून, लोडाला टेकून, पुस्तक हातात घेऊन बसलो तर फार बरे दिसेल, कारण लोकांना रिकामी हवेली आवडत नाही, त्यांना राहती हवेली हवी असते. भाडे आम्ही भरायचे आणि वारसाही आम्हीच व्हायचे, असा हा सौदा होता. "मग भाड्यात काही सूट?" या प्रश्नावर त्यांनी जी मान हलवली ती मराठी माणसालाही लगेच समजली. पतंगांच्या दिवसांत या, असे मात्र त्यांनी आग्रहाने सांगितले. उत्तरायणाला या हवेलीची नुसती गच्चीदेखील निराळ्या दराने देतात.

सवलतीचा शेवटचा प्रयत्न मी इतिहासाच्या मार्गाने केला. 1753 साली राघोबादादा आणि दमाजी गायकवाड यांनी हे शहर घेतले, आणि पुढे इंग्रज येईपर्यंत पेशवे आणि गायकवाड त्याचा महसूल वाटून घेत होते. तेव्हा आम्हाला अगदीच परके समजू नये, असे मी हसत हसत सुचवले. शेजारच्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचणाऱ्या निवृत्त शिक्षकांनी चष्मा वर केला. मराठ्यांच्या करवसुलीबद्दल पोळेतल्या जुन्या माणसांकडून त्यांनी जे ऐकले होते ते त्यांनी अत्यंत सभ्य भाषेत, तपशीलवार आणि चहा थंड होईपर्यंत सांगितले. त्यानंतर भाड्याचा विषय मी काढला नाही. हिशेब काढायचा झाला तर बाकी आमच्याच अंगावर निघत होती.

सौभाग्यवतींचे मात्र उत्तम जमले होते. उंधियूचे दिवस होते, समोरच्या ओट्यावर पापडी निवडायला बसणाऱ्या बायकांत त्या दुसऱ्याच दिवशी जाऊन बसल्या, आणि कोणत्या दुकानातला बांधणीचा भाव खरा व कोणाच्या सुनेचा खोटा, इथपर्यंत त्यांची माहिती पोचली. निघायच्या सकाळी मी नेहमीप्रमाणे बादलीची वाट पाहत वरच्या झरोक्यात होतो, या वेळी कुडता घालून, आणि खाली टोळके आले. एका परदेशी बाईंनी पापड्यांच्या टोपलीपुढे वाकून मार्गदर्शकामार्फत सौभाग्यवतींना विचारले की, आपल्या घराण्याची या हवेलीतली ही कितवी पिढी. टोपलीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "ही पहिलीच." मार्गदर्शकाने त्याचे इंग्रजीत काय केले ते वर ऐकू आले नाही, परंतु सगळ्यांनी आदराने माना डोलावल्या, सौभाग्यवतींचे छायाचित्र घेतले आणि मग त्यांच्या बोटाच्या दिशेने कॅमेरे वर करून माझेही घेतले.